सुई टोचून दुखणं जातं का? ॲक्युपंक्चर आणि चिनी वैद्यक, आपल्या भाषेत

कोल्हापुरातून बोलतेय. ज्यांना इयरफोन लावून ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेले 'म्हणजे' आणि 'काय म्हणतात ते' कमी केलेत, बाकी सगळं बोलले तसंच ठेवलंय.

गेल्या महिन्यात तुमच्याकडून आलेल्या व्हॉइस नोट्समध्ये एकच विषय परत परत आला. "मान अवघडलीय, ॲक्युपंक्चर करू का?" "मायग्रेनवर सुया लावतात ते खरंय का?" "आईची शुगर सुयांनी जाईल असं एकजण म्हणाला, जाईल का?" तिन्ही प्रश्न सुईचेच, पण तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. आजचा भाग त्या वेगळेपणावरच आहे.

आधी आपलं नातं: सोलापूर, कोल्हापूर आणि चीन

चिनी वैद्यक म्हटलं की मराठी माणसाला एक नाव हमखास आठवतं, डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म सोलापूरचा, १९१० चा. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले. जपाननं चीनवर हल्ला केला होता, तेव्हा काँग्रेसनं १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक तिकडं पाठवलं. त्यात अटल, मुखर्जी, बसू, कोटणीस आणि आपल्या नागपूरचे चोळकर होते. बाकीचे यथावकाश परतले. कोटणीस तिथंच राहिले, क्वो छिंगलान या नर्सशी त्यांनी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथंच गेले. त्यांच्यावर १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा सिनेमा काढला तो व्ही. शांतारामांनी, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्याच माणसानं. कोटणीसांची भूमिकाही त्यांनीच केली.

आता गंमत बघा. या नात्यामुळे अनेकांना वाटतं की कोटणीस ॲक्युपंक्चर करायचे. तसं नाही. ते सर्जन होते. युद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर ऑपरेशनं करत होते, चाकू-कात्रीनं. सुया भारतात आणल्या त्या त्यांच्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंनी. ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तिथं ही पद्धत शिकले आणि कोलकात्यात वापरू लागले. म्हणून बंगालमध्ये ॲक्युपंक्चरची मुळं खोल आहेत. तिथं कायदाही १९९६ लाच झाला. महाराष्ट्रात तो २०१५ साली झाला. त्याबद्दल पुढं बोलूच.

'पाच हजार वर्षांची परंपरा' म्हणतात, ते कितपत?

जाहिरातीत हे वाक्य असतंच. या वैद्यकाचा जो मूळ ग्रंथ मानतात, 'ह्वांगदी नेइजिंग', तो साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे जुना आहेच, त्यात वाद नाही. पण परंपरा अखंड नव्हती. १८२२ साली चीनच्या बादशहानं दरबारी वैद्यक संस्थेतून ॲक्युपंक्चर काढून टाकलं. १९२९ साली तिथल्या सरकारी आरोग्य समितीपुढं जुनं वैद्यकच बंद करायचा प्रस्ताव आला होता. मग वैद्यांनी मोठा विरोध केला. पुढं १९५० नंतर माओच्या राजवटीनं त्याला पुन्हा वर आणलं, कारण अफाट लोकसंख्येला पुरतील इतके डॉक्टरच नव्हते. आज आपण जे 'पारंपरिक चिनी वैद्यक' म्हणून ओळखतो, त्याची नीट घडी त्या काळात बसली.

हे का सांगते? जुनं आहे म्हणून खरं, असं नसतं. आणि जुनं आहे म्हणून खोटं, असंही नसतं. तपासायचं ते आजच्या तराजूत.

सुई टोचतात म्हणजे नेमकं काय करतात?

सुई इंजेक्शनची नसते. ती भरीव असते, आत पोकळी नाही, औषध नाही. जाडी साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे केसापेक्षा थोडी जाड. त्यामुळं बहुतेकांना टोचताना मुंगी चावल्याइतकंच कळतं. नंतर तिथं जडपणा किंवा झिणझिण्या येतात. चिनी वैद्य त्याला 'दे छी' म्हणतात, म्हणजे 'छी आली'. सुया वीस-तीस मिनिटं ठेवतात, कधी हलकेच फिरवतात, कधी त्यांना बारीक विजेचा प्रवाह जोडतात.

सिद्धांत असा, की शरीरात 'छी' नावाची शक्ती ठराविक वाटांनी वाहते. ती अडली की दुखणं सुरू होतं. वाट मोकळी केली की बरं वाटतं. त्या वाटांवर ३६१ मुख्य बिंदू मानले जातात. आपल्याकडं वात-पित्त-कफ बिघडले असं म्हणतात ना, त्याच जातीची ही भाषा आहे. शरीर उघडून बघितलं तर नस दिसते, रक्तवाहिनी दिसते. 'छी'ची वाट काही दिसत नाही.

मग सुईनं काहीच होत नाही का? होतं. सुई टोचली की तिथल्या नसा जाग्या होतात, मज्जारज्जूतून मेंदूपर्यंत निरोप जातो, आणि शरीर स्वतःची वेदनाशामक रसायनं सोडतं. एंडॉर्फिन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. तालमीत घाम गाळल्यावर जे हलकं वाटतं, त्यातही त्याचा वाटा असतो. प्रश्न एवढाच उरतो, की हा परिणाम किती आणि कशावर?

खोटी सुई आणि खरी सुई

हा भागाचा गाभा आहे, जरा लक्ष देऊन वाचा.

गोळीची चाचणी सोपी. अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना साखरेची. सुईचं काय करायचं? शास्त्रज्ञांनी नाटकातला खंजीर असतो ना, टोचला की पातं मुठीत सरकतं, तशी सुई बनवली. टोचल्यासारखी वाटते, आत जात नाही. दुसरी पद्धत म्हणजे खरीच सुई, पण मुद्दाम 'चुकीच्या' जागी आणि वरवर टोचायची.

जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर अशी मोठी चाचणी झाली, निकाल २००७ ला आला. तीन गट केले. एकाला खरं ॲक्युपंक्चर, दुसऱ्याला चुकीच्या जागी वरवरच्या सुया, तिसऱ्याला नेहमीचे उपचार, म्हणजे औषधं, व्यायाम, फिजिओथेरपी. सहा महिन्यांनी बघितलं. खऱ्या सुयांच्या गटात शंभरातल्या ४८ जणांना चांगला फरक पडला. चुकीच्या जागच्या सुयांच्या गटात ४४ जणांना. आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात फक्त २७ जणांना.

आता यातून काय समजायचं? दोन गोष्टी, आणि दोन्ही एकदम. एक, सुया घेतलेल्यांना नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त बरं वाटलं. दोन, सुई बरोबर त्याच बिंदूवर टोचली का, यानं फारसा फरक पडला नाही. म्हणजे ३६१ बिंदूंच्या नकाशापेक्षा टोचणं, पडून राहणं, कुणीतरी अर्धा तास आपल्याकडं लक्ष देणं आणि बरं वाटेल ही आशा, यांचं वजन मोठं आहे.

म्हणूनच डॉक्टरमंडळींचंही एकमत होत नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं २०१६ साली कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नका असं सांगितलं. त्याच संस्थेनं २०२१ साली, ठोस कारण सापडत नाही अशा जुनाट दुखण्यासाठी त्याचा विचार करायला हरकत नाही असं सांगितलं. अमेरिकेत ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी ९० दिवसांत १२ बैठकांपर्यंतचा खर्च मिळतो. पुरावा तोच आहे. 'खोट्या सुईपेक्षा थोडंच जास्त' याला कोण किती किंमत देतो, तिथं मतं फुटतात.

मग कशासाठी जावं, कशासाठी जाऊ नये?

*विचार करण्यासारखं:* जुनाट कंबरदुखी, मानदुखी, गुडघ्याची झीज, वारंवार येणारी ताणाची डोकेदुखी, मायग्रेन. मायग्रेनमध्ये सुया झटका थांबवायला नसतात, झटके कमी यावेत म्हणून असतात. ताणाच्या डोकेदुखीसाठी 'नाइस'नंही पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत बैठका सुचवल्या आहेत. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर मनगटाच्या एका बिंदूचा उपयोग होतो, यालाही बऱ्यापैकी आधार आहे.

*सुईच्या भरवशावर सोडू नये असं:* मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, दमा, फिट्स, कॅन्सर, कुठलाही संसर्ग. कॅन्सरच्या उपचारातली मळमळ किंवा वेदना कमी करायला काही ठिकाणी जोडीला सुया देतात. जोडीला, बदली नाही.

*आणि थेट हॉस्पिटल गाठायचं असं:* कंबर दुखतेय आणि पायातली ताकद गेली, बसायच्या जागेभोवती बधिर झालं किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला. आयुष्यात कधी झाली नाही इतकी जोराची डोकेदुखी अचानक आली. ताप आणि मान ताठ. बोलणं अडखळतंय, तोंड वाकडं झालंय. छातीत दुखतंय आणि घाम फुटलाय. अशा वेळी १०८ ला फोन लावा, सीपीआरला जा, जवळ असेल त्या मोठ्या दवाखान्यात जा. बिंदू दाबत बसू नका.

आत्याची गोष्ट

माझी आत्या गडहिंग्लजकडं असते. गुडघे दुखतात, जोडीला शुगर आणि बीपी. गावात एक शिबिर झालं. तिथं तिला सांगितलं, "दहा सिटिंगचं पॅकेज घ्या. गुडघे तर जातीलच, शुगरच्या गोळ्यापण हळूहळू बंद करू."

मला फोन आला तेव्हा गोळ्या बंद व्हायच्या होत्या. मी तावातावानं बोलायला लागले. ती शांतपणे म्हणाली, "अगं, त्या माणसानं पाऊण तास माझं ऐकून घेतलं. आमचा डॉक्टर मान वर करून बघतपण नाही."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरं सांगू, आजही नाही. लोक सुयांकडं का वळतात याचं अर्धं कारण त्या वाक्यात आहे. दवाखान्यात दोन मिनिटं मिळतात आणि तिथं पाऊण तास. ते ऐकून घेणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि जर्मनीतले आकडेही एका अर्थी तेच सांगतात.

शेवटी आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. शुगर-बीपीच्या गोळ्या एकही चुकवायची नाही. गुडघ्यासाठी सुया घ्यायच्या असतील तर नोंदणी असलेल्या माणसाकडं, आणि तिच्या डॉक्टरांना सांगून. सोबत मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम. सहा बैठका झाल्या. आता ती देवळाच्या पायऱ्या पूर्वीपेक्षा बऱ्या चढते. सुयांनी की व्यायामानं? दोन्ही एकदम चालू होतं, त्यामुळं श्रेय कुणा एकाला देता येत नाही. शुगर मात्र ताब्यात आहे, आणि ती गोळ्यांमुळं.

चिनी औषधं: सोनं आणि विष एकाच दुकानात

चिनी वैद्यक म्हणजे फक्त सुया नाहीत. जडीबुटी मोठा भाग आहे. इथं दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा.

पहिली. थू योयो या चिनी संशोधिकेला २०१५ चं नोबेल मिळालं. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन तिनं शोधलं. सुगावा कुठं लागला? चौथ्या शतकातल्या एका चिनी वैद्याच्या ग्रंथात. त्यात ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस प्यायला सांगितला होता, उकळायला नाही. तिच्या लक्षात आलं, की उष्णतेनं औषधी अंश नष्ट होत असावा. मग तिनं कमी तापमानाला अर्क काढला आणि प्राण्यांवर, स्वतःवर, मग रुग्णांवर तपासला. ती वनस्पती आर्टेमिसिया कुळातली. आपण जोतिबाला वाहतो तो दवणाही त्याच कुळातला! आणि चिनी वैद्य त्वचेजवळ धरून शेक देतात तो 'मॉक्सा'ही त्याच कुळातल्या पाल्याचा. पण म्हणून दवणा चावून मलेरिया जात नाही. ग्रंथानं दिला तो सुगावा, औषध झालं ते तपासणीतून.

दुसरी. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या एका केंद्रात चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेली वनस्पती मिसळलेली होती. अनेक तरुण स्त्रियांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली, पुढं काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला. 'नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही' हे वाक्य ऐकलं की मला हेच आठवतं. ऑनलाइन मागवलेल्या बिननावाच्या चिनी पुड्या, 'फॅट बर्नर' चहा, संधिवाताच्या गोळ्या यांच्यापासून चार हात लांब राहा.

कपिंगचंही विचारलंय बऱ्याच जणांनी. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या पाठीवरचे गोल डाग बघितल्यापासून पोरांना त्याचं आकर्षण आहे. भावांनो, आपल्याकडं तुंबड्या लावणं पूर्वीपासून आहे! दोन-चार दिवस मोकळं वाटतं, डाग आठवड्याभरात जातात. पण 'शरीरातलं विष बाहेर येतं' हे खरं नाही. तो डाग म्हणजे त्वचेखाली साकळलेलं रक्त. काहीजण आपल्या पाठीवर तुंबडी लावून स्वतःची तुंबडी भरतात, एवढं ध्यानात ठेवा.

जायचंच ठरवलं तर हे विचारा

महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानुसार ॲक्युपंक्चर करणाऱ्यांसाठी परिषद आणि नोंदणीची तरतूद आहे. तेव्हा लाजायचं नाही, सरळ विचारायचं.

१. तुमचा नोंदणी क्रमांक काय? भिंतीवर दहा प्रमाणपत्रं असली तरी हा एक आकडा हवा.

२. सुया एकदाच वापरायच्या आहेत ना? सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. वापरलेल्या सुयांतून हिपॅटायटिस बी पसरल्याच्या घटना जगात घडल्यात. 'उकळून घेतो' हे उत्तर आलं तर चप्पल घाला आणि निघा.

३. किती बैठकांत फरक कळायला हवा? पाच-सहा बैठकांत काहीच फरक नसेल तर थांबायचं. तीस बैठकांचे पैसे आधी मागत असतील तर नाही म्हणा.

४. माझ्या चालू गोळ्यांचं काय? 'बंद करा' असं उत्तर आलं तर तो माणूस तुमच्यासाठी नाही.

तुम्हीपण काही गोष्टी आधीच सांगायच्या. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, रक्त लवकर थांबत नाही, पेसमेकर बसवलाय, गरोदर आहे. पेसमेकर असेल तर विजेच्या सुया नकोत. छातीवर, खांद्याच्या वरच्या भागात सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. क्वचित घडतं, पण घडतं. सुया लावल्यानंतर दम लागला, छातीत टोचलं तर लगेच हॉस्पिटल. आणि रिकाम्या पोटी जाऊ नका, चक्कर येते.

घरी करण्यासारखं काही?

आहे की. सुया घरी टोचून घ्यायच्या नाहीत, पण दाबायला हरकत नाही. एसटीत आंबा घाटाच्या वळणांवर मळमळतं? तळहात वर करा. मनगटाच्या घडीपासून कोपराच्या दिशेनं तीन बोटं मोजा, तिथं मधल्या दोन शिरांच्या मध्ये अंगठ्यानं दोन-तीन मिनिटं दाबा. हाच तो मळमळीचा बिंदू. नुकसान काही नाही, फायदा झाला तर झाला.

अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागातला बिंदू डोकेदुखीसाठी दाबतात. गरोदरपणात तो दाबू नका असं परंपरेनंच सांगितलंय, ते पाळा.

आणि मोबाइलनं मान अवघडली असेल, तर सुईआधी मोबाइल डोळ्यांच्या पातळीला आणा. दर अर्ध्या तासानं उठा, खांदे फिरवा. दिवसभर मान खाली घालून रील्स बघायच्या आणि आठवड्याला एकदा सुया टोचून घ्यायच्या, म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखं आहे.

थोडक्यात

दुखण्यावर सुईनं थोडा आराम मिळू शकतो, आणि स्वच्छ सुई, शिकलेला हात असेल तर धोका कमी. आजार मुळातून जाण्याची आशा तिच्याकडून ठेवू नका. आणि चालू असलेली गोळी बंद करायचा निर्णय फक्त ती गोळी देणाऱ्या डॉक्टरांसोबत घ्यायचा.

हा भाग घरातल्या ज्या मोठ्या माणसाला गोळ्यांचा कंटाळा आलाय, त्यांना आधी ऐकवा. नुसती लिंक टाकू नका, शेजारी बसून ऐकवा. पाऊण तास नको, पंधरा मिनिटं बसा. त्यांचं काय दुखतंय तेही ऐकून घ्या.

तुमचे प्रश्न व्हॉइस नोटनं पाठवत राहा. पुढच्या भागात फिजिओथेरपी: नुसतं 'शेक दिला' म्हणजे फिजिओ नव्हे, यावर बोलू. तोवर काळजी घ्या. चला, भेटूया!